पाणंदीत शिरेल अशी गाडी: ऑलग्रिप, थार की जिम्नी?

माझं खरं काम गाडी थांबते तिथून पुढे सुरू होतं, म्हणून गाडी नेमकी कुठवर जाते याला माझ्या लेखी फार किंमत आहे. मी आजरा तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. गावोगावी डांबर पोचलं, बहुतेक वाड्यांपर्यंतही पोचलं, पण गोठा पुष्कळदा शेतात असतो आणि शेताकडे जाते ती पाणंद. दोन्ही अंगाला जांभ्याचा गडगा किंवा बांध, मध्ये बैलगाडीच्या मापाची वाट, दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध गवताचा उंचवटा. उन्हाळ्यात तिथून कुठलीही गाडी जाते. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत तांबड्या मातीचा असा चिखल होतो की पुढच्या चाकांवर चालणारी माझी जुनी हॅचबॅक पाणंदीच्या तोंडाशीच उभी करावी लागते. मग गमबूट, डोक्यावर इरलं नाहीतर रेनकोट, हातात पेटी, आणि चालत.

चालायला माझी हरकत नाही. पण रात्री फोन येतो, "मॅडम, म्हस अडलीया, लवकर या," तेव्हा रेडकाच्या जिवाची घटका मोजायची असते. दोऱ्या, रेडकू ओढायचा जॅक, कॅल्शियमच्या बाटल्या, सलाइन, पाण्याचे कॅन एवढं सगळं एका खेपेत उचलून नेता येत नाही. कृत्रिम रेतनाला जाताना वीर्याच्या कांड्या थंड ठेवणारं द्रव नायट्रोजनचं कंटेनर बरोबर असतं, ते आडवं करून चालत नाही, हिंदकळूही द्यायचं नाही. म्हणून या वर्षी ठरवलं की चारही चाकं ओढणारी, पण पाणंदीत मावणारी गाडी घ्यायची. त्यासाठी पावसाळाभर मी नातेवाइकांच्या, सहकारी डॉक्टरांच्या आणि शोरूमच्या गाड्या चालवून पाहिल्या. आमच्यासारख्या भागात राहणाऱ्याला उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या दोन चाकांवरच चालतात. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, ब्रेझा या आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांपैकी एकीलाही चार चाकांची ओढ नाही. उंची, चौकोनी नाक आणि काळं प्लॅस्टिक बघून गाडी ‘ऑफरोड’ समजू नये. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी 2022 साली आल्या, त्यांत फक्त काही वरच्या आवृत्त्यांनाच ऑलव्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांची ओढ आहे. पेट्रोलचे भाव बघून लोक त्यांची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला विजेच्या मोटरवर चालणारी आवृत्ती मागतात. ती पुढच्या चाकांवरचीच आहे, हे बुकिंगच्या आधी नीट विचारून घ्यावं. मायलेज आणि चार चाकं या दोन्ही गोष्टी त्या गाडीत एकत्र मिळत नाहीत. एका शोरूममध्ये तर मला ट्रायलसाठी पुढच्या चाकांवरचीच गाडी दिली आणि "चालवायला सगळ्या सारख्याच मॅडम" असं सांगितलं. डांबरावर सारख्याच असतील. मी डांबरासाठी गाडी घेत नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चार चाकांच्या गाड्यांची दोन घराणी आहेत.

एक घराणं ऑलव्हील ड्राइव्हचं. सुझुकीच्या भाषेत ऑलग्रिप सिलेक्ट. एरवी गाडी पुढच्या चाकांवर धावते. मागच्या धुऱ्यापाशी एक विजेवर चालणारं कपलिंग असतं. पुढची चाकं घसरायला लागली, किंवा लागतील असं संगणकाला वाटलं, की ते कपलिंग आवळतं आणि ताकद मागे जाते. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय एका गोल बटणावर आहेत. चालवणाऱ्याला काही कळावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय. दुसरं घराणं जुन्या जीपचं, म्हणजे महिंद्राची थार आणि मारुती सुझुकीची जिम्नी. शिडीसारखी लोखंडी चेसी, वेगळा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटून देणारी पेटी, आणि त्याची वेगळी दांडी. दांडी 4एचवर (चार चाकं, मोठा गिअर) टाकली की पुढच्या नि मागच्या धुऱ्याकडे जाणारे प्रॉपेलर शाफ्ट एकत्र जखडले जातात. 4एलवर (चार चाकं, लहान गिअर) टाकली की तीच ताकद आणखी एका गिअरमधून खाली उतरते. जिम्नीत हा खालचा गिअर साधारण दोनास एक आहे, म्हणजे त्याच आरपीएमला चाकाचा वेग निम्मा आणि ओढ दुप्पट.

हा लहान गिअर म्हणजे माझ्या मते सगळा फरक आहे. चढाला तो लागतोच, पण उताराला जास्त लागतो. शेवाळलेल्या जांभ्यावरून उतरताना ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरगुंडीवर जाते. ऑलव्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करते, थांबायला करत नाही. चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबेल असं समजणारी माणसं मी आंबोलीच्या धुक्यात फार जोरात जाताना बघते आणि मला भीती वाटते. लहान गिअरमध्ये पहिल्यावर टाकून पाय दोन्ही पेडलांवरून काढले की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. माणसाच्या चालीने ती खाली उतरते, चाक फिरत राहतं आणि स्टिअरिंग ऐकत राहतं.

गडहिंग्लजच्या माझ्या मावसबहिणीकडे मॅन्युअल ग्रँड विटारा ऑलग्रिप आहे. संकेश्वर–बांदा महामार्गावर ती गाडी चालवताना घरी बसल्यासारखं वाटलं. आवाज कमी, सीट चांगल्या, मागे तिघं आरामात, वर मोठं काचेचं छत. पाऊस कोसळत असताना वळणावर तिची पकड जाणवते आणि विश्वास बसतो. मग मुद्दाम एका ओल्या चढाच्या पाणंदीत नेली. लॉकवर टाकून चढली, खरंच चढली. पण तिला थोडा वेग घेऊन चढावं लागलं, कारण सावकाश चढायला लागणारा लहान गिअर तिच्याकडे नाही. क्लच अर्धा धरून तसंच रेटत राहिलं असतं तर क्लच तापला असता. 2025 पासून ऑलग्रिप फक्त सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर मिळते. क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक असल्याने ती क्लचची काळजी मिटली, ही सुधारणाच म्हणते मी. पण वेग घेऊन चढणं म्हणजे समोर म्हैस आडवी आली, गडग्याचा दगड ढासळलेला असला तर काय, हा प्रश्न राहतो. आणि इंजिन 1.5 लिटरचं, 103 पीएसचं. भरल्या गाडीला घाटात ते जीव तोडून ओढतं.

सप्टेंबर 2025 मध्ये आलेली मारुतीची व्हिक्टोरिस हीच यंत्रणा घेऊन येते, शिवाय भारत एनकॅप या धडक-चाचणीत तिला पाच तारे आहेत. चार चाकांची आवृत्ती आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 18.64 लाखांपासून होती. कुटुंबासाठी एकच गाडी ठेवायची असेल, घरापर्यंत डांबर असेल आणि शेवटचे दोन-चारशे मीटर फक्त चिखलाचे असतील, तर मी कुणालाही हीच किंवा हायरायडर घ्या असं सांगेन. आजऱ्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची गरज एवढीच आहे. ह्यांचं मत शेवटपर्यंत व्हिक्टोरिसकडेच होतं, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं: आमच्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं तर चढायला-उतरायला सोपी, मऊ गाडी हवी.

जीप कंपास रांजणगावला तयार होते, तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन 170 पीएसचं आहे, नऊ गिअरची ऑटोमॅटिक आहे, गाडी भक्कम आहे. चार चाकांची आवृत्ती 25 लाखांच्या पुढे जाते. शेणाने भरलेले गमबूट घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला. रेनोची जुनी डस्टर ऑलव्हील ड्राइव्ह मात्र मनातून जात नाही. 2014 साली आली, 110 पीएसचं डिझेल, सहा गिअर, आणि त्यातला पहिला गिअर मुद्दाम इतका लहान ठेवलेला की ट्रान्स्फर केसशिवायही ती सावकाश चढायची. आमच्या भागासाठी इतका विचार करून बनवलेली दुसरी गाडी मी पाहिली नाही. सेकंडहँड बाजारात अजून दिसते, पण रात्री-अपरात्री जिच्यावर विसंबायचं ती इतकी वय झालेली गाडी घ्यायचं धाडस होत नाही.

आता थार. माझ्या दिरांकडे डिझेल थार आहे, तीन दारांची, 4×4. गाडी नाशिकला बनते याचा आम्हाला थोडा अभिमानही आहे. तिचं 2.2 लिटर इंजिन 1600 आरपीएमलाच 300 न्यूटन मीटर टॉर्क देतं, आणि तो आकडा प्रत्यक्ष पायाखाली कळतो. जिथे जिम्नीला गिअर बदलावा लागतो तिथे थार नुसती सरकत वर जाते. 650 मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. जमिनीपासून उंची 226 मिलिमीटर. चिखलात, ओढ्याच्या गोट्यांत, भातखाचराच्या कडेला, सगळीकडे मी तिला चालवलं आणि कुठेही शंका आली नाही. निव्वळ ताकदीवर निवड करायची असती तर आज माझ्या दारात थार असती.

पण मग मी मेझरिंग टेप घेऊन पाणंदी मोजल्या. हे काम प्रत्येकाने करावं असं मला वाटतं, कारण पत्रकात गाडीची रुंदी असते, आपल्या वाटेची नसते. माझ्या नेहमीच्या वाटांपैकी ज्या अरुंद आहेत तिथे गडग्यापासून गडग्यापर्यंत जेमतेम सात फूट भरले, म्हणजे 2130 मिलिमीटरच्या आसपास. थारची रुंदी 1820, ग्रँड विटाराची 1795, जिम्नीची 1645. ही आरसे सोडून. थार आत जाते. आरसे मिटले की जाते. पण आत गेल्यावर दार उघडून उतरायला जागा उरत नाही. समोरून वैरणीचा भारा घेऊन कुणी आलं तर त्यानं कुठे जायचं? जिम्नीला दोन्ही बाजूंना जवळजवळ वीत-वीत जागा राहते. दार अर्धं उघडतं, मी तिरकी होऊन उतरते, भारेवाली बाई कडेने निघून जाते. पाणंद संपते तिथे गाडी वळवायला जागा नसते, सगळी वाट रिव्हर्समध्ये परत यावी लागते, आणि तेव्हा या 175 मिलिमीटरचं मोल कळतं. संध्याकाळी पुढे गवे उभे राहिले तर तेही रिव्हर्समध्येच. आमच्याकडे अधूनमधून हत्तीही असतो, त्यामुळे मागे येणं ही गोष्ट मी गमतीवारी घेत नाही. कागदावर ग्रँड विटाराचं वळण जिम्नीपेक्षा लहान आहे, 5.4 मीटर विरुद्ध 5.7. पण अरुंद वाटेत वळायचं नसतंच, सरळ मागे यायचं असतं.

दुसरा मुद्दा वजनाचा. पाच दारांची जिम्नी साधारण 1200 किलोची, थार तिच्याहून कित्येक शे किलोने जड. पाऊस मुरलेल्या तांबड्या मातीत जड गाडी चाकोरी खोल करते. मी ज्यांच्या बांधावरून जाते ती त्यांची रोजची वाट आहे. डॉक्टर येऊन गेल्यावर बैलगाडी रुतावी हे मला पटणारं नाही.

चंदगडच्या एका सहकारी डॉक्टरांनी त्यांची जिम्नी मला दोन रविवार दिली, त्यांचे उपकार आहेत. चंदगडचा पाऊस आजऱ्यापेक्षा जोराचा, वाटाही जास्त वाईट. जिम्नीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड धुरा आहे. एक चाक दगडावर चढलं की धुरा तिरका होतो आणि दुसरं चाक खाली दाबलं जातं, त्यामुळे चाकं जमिनीला धरून राहतात. आणखी एक फायदा मला गाडीखाली वाकून पाहताना कळला. धुऱ्याखालची उंची गाडी भरल्यावर कमी होत नाही, कारण धुरा चाकांनाच बांधलेला असतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या, म्हणजे प्रत्येक चाक सुटं वरखाली होणाऱ्या गाडीत माणसं आणि सामान भरलं की पोट खाली येतं. उलट बाजू अशी की धुऱ्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला घासतो, 210 मिलिमीटर असूनही. फार खोल चाकोरी असेल तर एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चालवावं लागतं. जिम्नी अरुंद असल्यानेच ते जमतं. मागचं-पुढचं एकेक चाक हवेत फिरायला लागलं तर ब्रेकने ते धरून दुसऱ्या चाकाला ताकद देण्याची सोय तिच्यात आहे. ती काम करते, पण घाई करून चालत नाही. चाक फिरतंय म्हणून ॲक्सिलरेटर सोडला तर काहीच होत नाही, हलकासा धरून ठेवायचा, कटकट आवाज येतो, मग गाडी उचलते.

जिम्नीतल्या उणिवाही स्पष्ट लिहिते, कारण ही गाडी सगळ्यांसाठी नाही. माणसं चारच बसतात. मागची सीट उभी असताना सामानाला 208 लिटर जागा, म्हणजे दोन पिशव्या. सीट पाडली की 332. मागचं दार बाजूला उघडतं, वर नाही, त्यामुळे पावसात डोक्यावर आडोसा मिळत नाही. टाकी 40 लिटरची. कंपनी मॅन्युअलला लिटरमागे 16.94 किलोमीटर सांगते, आमच्या चढउतारात आणि 4एलमध्ये त्याहून बरंच कमी धरावं. महामार्गावर चौकोनी अंगावर वारा आदळतो, पाचव्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज येत राहतो. ऑटोमॅटिक जुनी चार गिअरची, म्हणून मी मॅन्युअलच ठरवली. सुरक्षेच्या बाबतीत सहा एअरबॅग आहेत. युरो एनकॅपने 2018 मध्ये तीन दारांच्या जिम्नीला तीन तारे दिले होते, तर थारला ग्लोबल एनकॅपचे चार आणि पाच दारांच्या थार रॉक्सला भारत एनकॅपचे पाच आहेत. ज्यांचा सगळा प्रवास महामार्गावर आहे त्यांनी हे आकडे माझ्यापेक्षा जास्त मनावर घ्यावेत. रॉक्स 4428 मिलिमीटर लांब आणि 1870 रुंद, ती माझ्या पाणंदीत थारहूनही जास्त अडचणीची.

पैशाचं सांगायचं तर चार मीटरच्या आत असली तरी जिम्नीला लहान गाडीचा 18 टक्के जीएसटी लागू होत नाही. पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत लागतं, हिचं 1462 आहे. म्हणून 40 टक्के. डिझेल 4×4 थारलाही तेवढाच. आपल्या राज्यात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 14. जिम्नीची वरची आवृत्तीही एक्स-शोरूम 15 लाखांच्या आत बसते. ऑलग्रिप घेतली असती तर त्याहून तीन-चार लाख जास्त गेले असते.

टायरवर थोडं थांबते, कारण चिखलात गाडीपेक्षा टायर आधी हरतो. कंपनीतून येणारे टायर रस्त्याच्या बेताचे असतात. आमची चिकट माती त्यांच्या नक्षीत भरली की वरून गुळगुळीत रबर आणि चारही चाकं जागच्या जागी फिरतात. ग्रँड विटाराचे टायर 215/60 आर17, जिम्नीचे 195/80 आर15. दुसऱ्यात रबराची भिंत साधारण 156 मिलिमीटर उंच, पहिल्यात 129. उंच भिंत दगडाचा मार सोसते, आणि चिखलात हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरून पकड घेतो. डांबरावर यायच्या आधी हवा परत भरलीच पाहिजे, म्हणून सिगारेट लायटरवर चालणारा पंप गाडीत ठेवायचा. ऑल टेरेन टायर घालताना चारही एकदम आणि एकाच मापाचे घालावेत. दोन झिजलेले, दोन नवे असं केलं तर चारही चाकं जखडल्यावर ट्रान्स्फर केसवर ताण येतो. त्याच कारणाने कोरड्या डांबरावर 4एच टाकून चालवू नये. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये ढिलाई द्यायला काही नसतं.

एक सूचना माझ्यासारखं नायट्रोजन नेणाऱ्यांसाठी. या सगळ्या गाड्यांत सामानाची जागा आणि बसायची जागा एकच हवा वापरतात. कंटेनरमधून वायू सतत निघतो आणि तो बंद गाडीतला प्राणवायू हटवतो. पाऊस असला तरी दोन काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. जिम्नीची केबिन लहान, तिथे तर नक्कीच. मागची डावी सीट पाडून तिथे प्लायची चौकट आणि पट्टे लावून कंटेनर उभा बांधायचा, उजवी सीट माणसासाठी ठेवायची, असं आमच्या सुताराशी बोलून ठरवलं आहे.

सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तेव्हा मावसबहिणीची ग्रँड विटारा मागवायची किंवा भाड्याची गाडी करायची, असं ह्यांनी स्वतःहून सुचवलं आणि मग मी मॅन्युअल जिम्नीचं बुकिंग केलं. रंग पांढरा, पावसातल्या अंधारात गोठ्यावरून लांबून ओळखू यावा म्हणून. शोरूमवाल्यांना एवढंच सांगितलं आहे की ॲक्सेसरीतले क्रोम, स्टिकर आणि गालिचे नकोत. त्या पैशात जाड रबरी मॅट आणि पुढेमागे ओढायचे हुक नीट तपासून द्या.